बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणू नयेत

३ फेब्रुवारी

धाकटे,

पत्र पाहून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. जी जायची होती ती ऑक्टोबरातच गेली. फोन करणार होतो, पण फोनवर मी नुसतं 'हं' म्हणतो अशी तुझ्या ताईची सत्तावीस वर्षं तक्रार होती. म्हणून लिहितो.

ऑफिसने हिचं काम माझ्याकडे दिलं आहे. पार्कमध्ये स्वमग्न मुलांना घेऊन येणाऱ्या कुटुंबांच्या जेवणाची व्यवस्था. म्हणजे किचनच्या मागची ती शांत खोली. आठ टेबलं, मंद दिवे, गाणी बंद. साहेब म्हणाले, "तुम्ही किचनचे प्रमुख, शिवाय घरी सगळं ऐकलंच असेल." मी हो म्हणालो. खरं म्हणजे घरी ही बोलायची तेव्हा मी बातम्या पाहत असे. एवढंच आठवतं की कुठल्याशा आईशी तासभर फोनवर बोलून झालं की ही रिसीव्हर ठेवून म्हणायची, "बटाटा चौकोनी."

एक सांगायचं राहिलं. हिच्यासाठी पार्कने दोन मिनिटं शांतता पाळली. आम्ही सगळे किचनमागे रांगेत उभे होतो. सशाचा पोशाख घालतो तो पोरगेला माणूस सशाचं डोकं काखेत धरून उभा होता. आणि वर रोलर कोस्टरवर लोक जीव खाऊन किंचाळत होते. हिला आवडलं असतं.

आता कामाचं. मी नवा मेनू बसवला आहे. अठरा पदार्थ, सगळे सौम्य, मीठ मोजून. तुझ्या लेकीला, आपल्या फौजदारला, काय आवडतं ते कळव, म्हणजे एकोणिसावा पदार्थ तिच्यासाठी घालतो. १४ एप्रिलला तुम्ही तिघं इथे येणार असं हिने तिला कबूल केलं होतं. तो शब्द माझ्याकडून पुरा व्हावा असं वाटतं.

तुझा
भावोजी


९ फेब्रुवारी

भावोजी,

नमस्कार-चमत्कार झाले असं धरा आणि आधी तो मेनू फाडा.

अठरा पदार्थ! माझी लेक तेरा वर्षांची आहे आणि तेरा वर्षांत तिने चार पदार्थ मंजूर केलेत. नळीचा पास्ता, बिनमिठाचा, कोमट. उकडलेला बटाटा, चौकोनी. पांढरा ब्रेड, कडा काढून. चौथं एक बिस्किट होतं, ते गेल्या वर्षी रद्द झालं, कारण कंपनीने पुड्याचा रंग बदलला. आवडनिवड विचारताय? तिला विचारलं तर ती म्हणेल, "आवडत नाही. खाते."

आता जरा गंभीरपणे. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिघं एका हॉटेलात गेलो होतो. वेटर मोठा प्रेमळ. त्याने न विचारता तिच्या पास्त्यावर सॉस ओतला आणि वर म्हणाला, "खास तुझ्यासाठी." फौजदार टेबलाखाली शिरली ती तीन तासांनी बाहेर आली. नंतर चार महिने तिने घराचा उंबरा ओलांडला नाही. तेव्हापासून आम्ही तिघं एका वेळी, एका टेबलावर, बाहेर जेवलेलो नाही. घरीसुद्धा मी आणि हे आळीपाळीने जेवतो. एक जण दुकान राखतो, दुसरा घास गिळतो. मला आठवत नाही मी शेवटचं गरम काय खाल्लं ते.

म्हणून १४ तारीख. बाकी तुमचे पाळणे, ससे आणि किंचाळणारी माणसं तुम्हाला लखलाभ. मला तिच्यासमोर बसून एक जेवण जेवायचंय. एवढंच.

मेनूबद्दल एक सल्ला. भांडीवाल्या बाईंना विचारा. ताई सगळं त्यांच्याशी बोलायची. का विचारायचं, ते मी पत्रात लिहीत नाही. फक्त विचारा. बातम्या बंद करून विचारा.

तुमची
धाकटी


२६ फेब्रुवारी

धाकटे,

पहिला रविवार पार पडला, असं म्हणायचं म्हणून म्हणतो.

सात कुटुंबं होती. ताटं मी स्वतः लावली. बावीस वर्षांची सवय, ताट खिडकीतून पुढे सरकवायच्या आधी हात आपोआप सजावटीच्या हिरव्या पानाकडे जातो. सात ताटांवर सात पानं. मला कळलंच नाही. पहिलं ताट टेबलावर गेलं आणि तिथल्या मुलीने पानाकडे असं पाहिलं, जसं काही मी ताटात पाल सोडली आहे. मग एक मुलगा रडायला लागला, त्याचं ऐकून दुसरा. एकाने ताट शांतपणे उचललं, किचनमध्ये आणून मला परत दिलं आणि "नको, धन्यवाद" म्हणून गेला. सगळ्यात सभ्य गिऱ्हाईक तोच. एका वडिलांना हसू आवरेना. ते म्हणाले, "साहेब, मनाला लावून घेऊ नका, आमच्या सासूबाईंच्या हातचंही तो खात नाही."

अठरा पदार्थांपैकी कुणीही काही खाल्लं नाही. एका मुलाने कागदी रुमाल थोडा खाल्ला.

भांडीवाल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला काय माहीत, मी भांडी घासते."

पण एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. पाहुण्यांना औषधं आत नेता यावीत म्हणून गेटवर एक परवान्याचा कागद असतो आणि पिशवीला चिकटवायला 'औषध' अशी चिठ्ठी. त्या दिवशी सातही कुटुंबांकडे अशा पिशव्या होत्या. एक फाटली. आत डबा. डब्यात पास्ता. सगळ्यांचे परवाने जुने, सगळ्यांवर तुझ्या ताईची सही. ती जाऊन चार महिने झाले आणि लोक तिची सही वापरून डबे आत नेत आहेत. मला फार लागलं. तिच्या चांगुलपणाचा असा फायदा?

मी त्याच संध्याकाळी साहेबांना दोन पानी टिपण दिलं. सोमवारी हुकूम निघाला. आता गेटवर प्रत्येक औषधाची पिशवी उघडून पाहतात. पार्कमधलं सर्व अन्न किचनप्रमुखाच्या तपासणीतूनच जाईल, हे वाक्य माझं. हिच्या नावाला बट्टा लागू दिला नाही, एवढं समाधान.

फौजदारसाठी बटाटे चौकोनी कापायचा सराव करतो आहे.

तुझा
भावोजी


२ मार्च

भावोजी,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा डोक्याला हात लावला, तिसऱ्यांदा ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "आता १४ तारखेचं काय?" आणि उठून बाल्कनीत गेले.

आता ऐका. बसून ऐका.

कुणीही ताईचा फायदा घेत नव्हतं. ताईच त्यांना परवाने देत होती. प्रत्येक आईला फोनवर ती एकच प्रश्न विचारायची, "डबा केवढा आहे?" घरचा डबा, घरची चव, घरचा चमचा. पिशवीवर चिठ्ठी लावायची 'औषध', गेटवाल्याला रविवारी वाटीभर सूप, की झालं. डबे तुमच्या किचनमध्ये, ब्रेडच्या मांडणीमागच्या छोट्या ओव्हनमध्ये गरम व्हायचे. तो ओव्हन नोकरांच्या डब्यांसाठी आहे असं तुम्हाला वाटतं ना? भांडीवाल्या बाई गरम करायच्या. घड्याळ लावून. मग ताई ते पार्कच्या ताटात काढायची, आणि आईबापांना तुमच्या हातचं गरम जेवण वाढायची. पोरांचा प्रश्न तिने कधी सोडवायला घेतलाच नाही. पोरांचं जमलेलंच असतं, म्हणायची, उपाशी असतात ते आईबाप.

तीन वर्षं, भावोजी. तुमच्या नाकाखाली. तुमच्या किचनमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. सशालासुद्धा.

आणि तुम्ही दोन पानी टिपण दिलंत!

मी आधीच लिहायला हवं होतं, ही माझी चूक. तिने शपथ घातली होती म्हणून गप्प बसले. आता ती शपथ तिच्याबरोबर गेली असं समजते. तो हुकूम मागे घ्यायला लावा. फौजदारचा डबा गेटवर कुणी काढून घेतला तर ती पुन्हा कधी दाराबाहेर पडेल ते मला सांगता येत नाही. या वेळी चार महिन्यांवर निभावणार नाही.

धाकटी


२१ मार्च

धाकटे,

उत्तराला उशीर झाला. कामं होती, असं लिहिणार होतो. कामं नव्हती.

भांडीवाल्या बाईंना पुन्हा विचारलं. त्यांनी हातातलं पातेलं खाली आपटलं आणि म्हणाल्या, "कळलं का शेवटी? आम्ही म्हटलं तुम्ही रिटायर झाल्यावरच कळणार." बाकीचे हसले. मग माझा चेहरा पाहून जो तो आपापल्या कामाला लागला, ते जास्त वाईट.

साहेबांकडे गेलो. हुकूम मागे घ्या म्हणालो. ते म्हणाले, "तुमचं टिपण इतकं चोख आहे की त्याच्याविरुद्ध मलाच काही सुचत नाही." वरून तपासणीला येणाऱ्यांनाही त्यांनी ते दाखवलं आहे. गेल्या दोन रविवारी गेटवर अकरा डबे काढून घेतले. एक कुटुंब तिथूनच परत गेलं. मी गेटवर जाऊन पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.

तेव्हा १४ तारखेला येऊ नका. मी काही करू शकत नाही, आणि तिला गेटवर तसं झालेलं मला पाहवणार नाही.

एक विचारतो, उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. तीन वर्षं मी संध्याकाळी घरी येऊन सांगत असे की आज शांत खोलीत ताटं कशी रिकामी परत आली, सगळी मुलं माझं जेवण जेवली. ही मान हलवून ऐकत असे. तेव्हा ही मनातून माझ्यावर हसत होती का?

भावोजी


२५ मार्च

भावोजी,

हो. हसायची. रोज. फोनवर मला नक्कल करून दाखवायची, तुम्ही छाती काढून "आज सगळं संपलं" म्हणता त्याची. हुबेहूब यायची. मी हसून हसून खुर्चीवरून पडायचे.

एकदा मी म्हटलं, ताई, सांगून टाक की भावोजींना, बिचारे. ती म्हणाली, "त्याला सांगितलं की त्याला साहेबांसमोर खोटं बोलावं लागेल. आणि त्याला ते येत नाही. कान लाल होतात. दोन दिवसांत पकडला जाईल, आणि नोकरीपेक्षा स्वतःची लाज वाटून आजारी पडेल. त्याला राहू दे तसाच. मला एक तरी माणूस घरात असा हवाय ज्याला काही लपवता येत नाही."

झालं समाधान? आता रुसवा पुरे. तुम्ही काय नवी नवरी आहात काय?

आम्ही येणार आहोत. फौजदारने कॅलेंडरवर १४ तारखेभोवती चौकोन काढलाय. चौकोन काढला की ती तारीख रद्द होत नाही, हा तिच्या घरचा कायदा. गेटवाल्याने डबा मागितला तर मी देईनही. ती देणार नाही. पुढचं तुम्ही बघा. तुम्हाला नियम पाठ आहेत ना? मग नियमांतच काहीतरी शोधा. तुमच्याइतकं बारकाईने ते कुणीच वाचलेले नाहीत, साहेबांनीसुद्धा नाही, याची मला खात्री आहे.

धाकटी


४ एप्रिल

धाकटे,

सोबत एक फॉर्म पाठवत आहे. भरून लगेच परत पाठव.

नियम असा आहे: पाहुण्यांनी बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणू नयेत. पाहुण्यांनी. गेल्या आठवड्यात एका सकाळी बटाट्यांची गाडी आली तेव्हा मागच्या दाराशी उभा होतो आणि लक्षात आलं, आपल्या किचनमध्ये येणारा प्रत्येक बटाटा बाहेरचाच असतो. तो पाहुणा आणत नाही, पुरवठादार आणतो, आणि मागच्या दाराने आणतो. पुरवठादार ठरवण्याचा अधिकार किचनप्रमुखाचा. कमीत कमी किती माल आणावा याची अट कुठेही नाही. मी दोनदा वाचलं.

तेव्हा यापुढे शांत खोलीत येणारी प्रत्येक आई ही पार्कची पुरवठादार आहे. एका डब्याची. वडील आले तर वडील. डबा मागच्या दाराशी आणायचा, मी वजन करणार, तपासणार, पावती देणार. मग माल किचनमध्ये गरम होऊन टेबलावर जाणार. सगळं अन्न किचनप्रमुखाच्या तपासणीतून गेलं, माझ्याच टिपणात लिहिलं आहे तसं.

फॉर्म घेऊन साहेबांकडे गेलो. ते वाचून म्हणाले, "पुरवठादाराचं नाव, आई? हे काय?"

"नवीन पुरवठादार आहेत, साहेब. माल थोडा असतो, पण दर्जाची खात्री."

त्यांनी फॉर्म पुन्हा एकदा वाचला. मग सही केली. मी एकही शब्द खोटा बोललो नाही. बाहेर येऊन आरशात पाहिलं, कान नेहमीसारखे होते.

गेल्या रविवारी नऊ पुरवठादार आले. एका आईने पावती पर्समध्ये इतकी जपून ठेवली, जसं काही बक्षीस मिळालं. पण फौजदारचं मला टेन्शन आहे. तपासणीसाठी डबा उघडावा लागतो. नियम आहे, आणि साहेबांचा माणूस शेजारी उभा असतो. ती उघडू देईल का?

मागचं दार सकाळी साडेनऊला उघडतं. पांढरी पाटी, निळा दिवा.

तुझा
भावोजी


८ एप्रिल

भावोजी,

फॉर्म सोबत आहे, तरी पोस्टात हरवला तर म्हणून इथे उतरवते.

पुरवठादाराचे नाव: आई. अनुभव: तेरा वर्षे. मालाचे वर्णन: पास्ता, नळीचा, एक डबा, बटाटे, चौकोनी, दुसरा डबा, एकमेकांना न शिवता. माल नाकारल्यास काय करावे: आधी पुरवठादाराला पाणी द्यावे. तक्रार निवारण अधिकारी: फौजदार.

डबा उघडण्याचं तिला विचारलं. ती म्हणाली, "कोण उघडणार?" म्हटलं, काका. "का?" म्हटलं, त्यांचं तपासायचं काम आहे. त्यावर तिने कॅलेंडरवरचा चौकोन पुन्हा एकदा गिरवला. मग म्हणाली, "बघू."

यापेक्षा जास्त मला तिच्याकडून काढता आलं नाही. रात्री ह्यांनी शर्टाला इस्त्री केली. शनिवारी निघायचंय आणि इस्त्री आजच. आमच्या लग्नातही केली नव्हती.

भीती वाटतेय, भावोजी. थट्टा बाजूला. मला खूप भीती वाटतेय.

धाकटी


१७ एप्रिल

भावोजी,

घरी पोचलो. मी लिहायला बसले तर फौजदारने पेन घेतलं आणि म्हणाली, तिथे काय झालं ते तीच लिहिणार, कारण मी वाढवून सांगते. मी एक अक्षर बदललेलं नाही. बदललं असतं तर तिने पुन्हा पहिल्यापासून लिहिलं असतं.

धाकटी


काका,

मी रविवारी तुमच्या पार्कमध्ये आले. हा त्याचा रिपोर्ट आहे.

मागचं दार ९.३४ ला उघडलं. चार मिनिटं उशीर. पाटी पांढरी होती. दिवा निळा होता. ते बरोबर होतं.

तुम्ही म्हणालात डबा तपासायचा आहे. मी विचारलं हात धुतले का. तुम्ही हो म्हणालात. मी पाहिलं नव्हतं, म्हणून तुम्ही परत धुतले. मग तुम्ही म्हणालात, "झाकण तू काढ, मी फक्त बघतो." मी काढलं. तुम्ही फक्त बघितलं. हात लावला नाही, वास घेतला नाही, छान म्हणाला नाहीत. शेजारचा माणूस छान म्हणाला. त्याला सांगा की म्हणायचं नसतं. पावतीवर ३१० ग्रॅम लिहिलं आहे. पावती माझ्याकडे आहे.

किचन मी तपासलं. सशाचं डोकं ब्रेडच्या टेबलावर होतं. डोकं टेबलावर ठेवू नये. ज्याचं होतं त्याने सॉरी म्हटलं आणि उचललं. भांडीवाल्या बाईंनी पास्ता चाळीस सेकंद गरम केला. चाळीसच सांगितले होते.

खोलीत गाणी नव्हती. वरून माणसं ओरडल्याचं थोडं ऐकू येत होतं. बाबा म्हणाले ती मजेत ओरडतात. मला ते पटत नाही.

मी सव्वीस नळ्या खाल्ल्या. नऊ राहिल्या. बटाटे सगळे खाल्ले. आई माझ्यासमोर बसली होती. तिने सूप प्यायलं, ते गरम होतं, वाफ येत होती. बाबांनी भात दोनदा घेतला. आई मध्येच हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी विचारलं, तिने सांगितलं सूप तिखट आहे. मी चमचाभर चाखून पाहिलं. मी सूप खात नाही. ते तिखट नव्हतं.

मावशी नव्हती. मला माहीत होतं की नसणार. तरी मी तिथल्या तिन्ही खोल्यांत पाहिलं. मग मी विचारलं मावशी कुठे बसायची. तुम्ही खिडकीजवळची खुर्ची दाखवली. तिच्यावर कोणी बसत नाही असं तुम्ही सांगितलं नाही. ते मला नंतर बाईंनी सांगितलं. मी तोपर्यंत बसले होते. चांगली खुर्ची आहे. तिथून सगळी टेबलं दिसतात.

मी बसल्यावर तुम्ही म्हणालात, "लोणी आणतो," आणि थंड खोलीत गेलात. लोणी कोणी मागितलं नव्हतं. तुम्ही लोणी न घेता बाहेर आलात.

थंड खोलीच्या दारावर लिहिलं आहे, कोट घालूनच आत जावे, पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये. तुम्ही कोट घातला नव्हता. तुम्ही नऊ मिनिटं आत होतात. नियम तुम्हाला माहीत आहे, पाटीवर तुमचीच सही आहे.

मे महिन्यात पहिल्या रविवारी आम्ही परत येणार आहोत. मी चौकोन काढला आहे. तुम्हाला आत जायचं असेल तर कोट घालून जा. मी दाराबाहेर घड्याळ घेऊन उभी राहीन. पाच मिनिटं झाली की दार वाजवीन.